देखरेख हवी, हेरगिरी नको

गेल्या महिन्यात रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात आम्ही पाच-सहा जण बोलत उभे होतो. त्यांतील एका गृहस्थाने मोठ्या अभिमानाने सांगितले की, नववीत शिकणाऱ्या आपल्या कन्येच्या फोनमध्ये त्याने एक छुपे ॲप बसविले आहे. ती कोणाला काय लिहिते, कोठे जाते, सारे त्याला कचेरीत बसल्या बसल्या कळते आणि तिला त्याचा पत्ताही नाही. कोणीही त्याला हटकले नाही. उलट दोघांनी त्या ॲपचे नाव टिपून घेतले. मीही गप्प राहिलो. त्या मौनाची भरपाई म्हणून हा लेख.

प्रथम एक गोष्ट मान्य करतो. पालकांची भीती निराधार नाही. सकाळच्या लोकलने मुंबई गाठणाऱ्या आणि रात्री परतणाऱ्या आईबापांच्या घरी दिवसचे दिवस मूल आणि फोन यांच्यामध्ये कोणीच नसते. त्या फोनमधून अश्लील चित्रे येतात, पैसे लावायचे खेळ येतात, समवयस्क असल्याची बतावणी करून खाजगी छायाचित्रे मागणारे आणि पुढे त्यांच्याच जोरावर धमकावणारे नराधम येतात. ‘आमचा मुलांवर विश्वास आहे’ असे म्हणून हात झटकणारा पालकही कर्तव्याला चुकतोच. तेव्हा लक्ष ठेवावे की नाही, हा वादाचा मुद्दाच नव्हे. वाद आहे तो चोरून ठेवण्याबद्दल.

‘मूल माझे, फोन माझ्या पैशांचा, मग चोरी कसली?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. परंतु मूल ही मालमत्ता नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे १६ वे कलम मुलाच्या खाजगी जीवनाला आणि पत्रव्यवहाराला मनमानी हस्तक्षेपापासून संरक्षण देते. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी व्यवहार काय सांगतो? चोरून मिळविलेली माहिती बापाला वापरता येत नाही. मुलीला कोणी छळत असल्याचे त्याला दिसले, तर तो बोलणार कसा? बोलला तर पाळत उघडी पडते. न बोलला तर पाळत व्यर्थ ठरते.

मी शाळेत असताना माझ्या नावे आलेले एक अंतर्देशीय पत्र वडिलांनी फोडून वाचले आणि पुन्हा चिकटवून ठेवले. मला ते कळले. पत्रात वावगे काहीच नव्हते. पण त्यानंतर माझी पत्रे शेजारच्या मित्राच्या पत्त्यावर येऊ लागली आणि पुढे अनेक वर्षे मी वडिलांना मनातले काही सांगितले नाही. आजच्या मुलाला तर दुसरा पत्ता शोधायला क्षणही लागत नाही.

शिवाय बाप ज्या खिडकीतून डोकावतो, तिच्यातून परकाही डोकावू शकतो. २०१८ साली ‘टीनसेफ’ या अमेरिकेतील पालकांसाठीच्या ॲपचे सर्व्हर असुरक्षित असल्याचे उघडकीस आले. त्यांत हजारो मुलांच्या ॲपल खात्यांचे पासवर्ड जसेच्या तसे वाचता येत होते आणि ते ॲप चालण्यासाठी खात्याची दुहेरी पडताळणी आधीच बंद करावी लागे. रक्षणासाठी नेमलेल्या पहारेकऱ्यानेच दार सताड उघडे टाकले!

मग करावे काय? फोन हाती देण्यापूर्वीच अटी सांगाव्यात. गुगलचे ‘फॅमिली लिंक’ किंवा ॲपलचे ‘स्क्रीन टाइम’ वापरायचे असेल, तर मुलाला शेजारी बसवून, काय दिसणार आणि काय नाही हे सांगून ते सुरू करावे. रात्री घरातील सर्वांचे फोन बैठकीच्या खोलीत राहावेत; सर्वांचे म्हणजे आईबापांचेही. रोझरीच्या वेळी एका हातात जपमाळ आणि दुसऱ्या हातात व्हॉट्सॲप धरणाऱ्या बापाने मुलाला संयम शिकवू नये. मूल मोठे होईल तसतसे बंधन सैल करावे. तेराव्या वर्षाचे नियम सतराव्या वर्षी राहिले, तर ते मूल स्वतःला सांभाळायला शिकणार कधी?

आणि या सर्वांहून महत्त्वाचे एक वचन द्यावे: ‘तू अडचणीत सापडलास आणि आपण होऊन मला सांगितलेस, तर मी फोन हिसकावणार नाही आणि हातही उगारणार नाही.’ धमकावणाऱ्याचे सारे बळ मुलाच्या मनातील घरच्या भीतीवर उभे असते. ती भीती गेली की मूल आपल्याकडे धावत येते. मग १०९८ ही बालकांची किंवा १९३० ही सायबर गुन्ह्यांची मदतवाहिनी आपल्याला त्याच्यासोबत बसून फिरविता येते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘अमोरिस लेतीसिया’ या पत्रात मुलांच्या शिक्षणाविषयी लिहिताना हेच बजावले आहे. मूल या क्षणी कोठे आहे, याचाच ध्यास घेणाऱ्या पालकाला त्याच्यावर फक्त सत्ता गाजवायची असते; खरा प्रश्न मूल मनाने कोठे आहे, हा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

त्या गृहस्थाला माझे एवढेच सांगणे आहे. आज रात्री जेवणे आटोपली की मुलीला जवळ बसवा. ॲप बसविल्याचे कबूल करा, तिच्यादेखत ते काढून टाका आणि नवे नियम दोघांनी मिळून लिहा. ती रागावेल, कदाचित चार दिवस बोलणारही नाही. तो राग सोसा. बाप चुकल्यावर खरे बोलतो, हे तिला एकदा दिसू द्या.