दामोदर हॉल कुणाचा?

परळचं दामोदर नाट्यगृह २०२३ च्या नोव्हेंबरात बंद झालं. मग पाडायला घेतलं. कलावंत रस्त्यावर आले. बरं केलं. शंभर वर्षांचं थिएटर डोळ्यांदेखत जाताना गप्प बसायचं नसतंच.

पण तेव्हा जे छापून आलं, त्यातलं हाताला लागेल ते मी वाचलं. नमन होतं, दशावतार होता, कोकणी तियात्र होतं, कामगार रंगभूमी तर होतीच. बाबासाहेब कुठं एका ओळीत उरकलेले, कुठं तेही नाय. आणि आपल्या बाया? त्या तर कुठंच नव्हत्या. म्हणून हे लिहितोय.

हॉल १९२२ चा. ना. म. जोशींनी १९११ साली काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगचा. नाव दामोदर ठाकरसींचं, म्हणजे गिरणीवाल्या घराण्याचं. हॉल कामगारासाठी, पाटी मालकाची. दिवसभर खात्यात राबलेला माणूस रात्री तोंडाला रंग लावून इथं राजा व्हायचा, भोंगा झाला की पुन्हा कामगार. हे मोठंच आहे. मी स्वतः सूतगिरणीत पाळी करतो, मला त्याची किंमत कळते.

पण दोस्तांनो, ‘कामगार’ हा शब्द फार गुळगुळीत आहे. त्यावरनं हात फिरवला तर जात लागत नाय. त्या काळी अस्पृश्याला साचेखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपल्या थुंकीनं त्यांचा धर्म बुडायचा. पगार जास्त तिथंच विटाळ जास्त! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल युनियनच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. मग ‘कामगार रंगभूमी’ म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, कुठला कामगार?

आता आपला इतिहास ऐका. ९ मार्च १९२४. याच हॉलात बाबासाहेबांनी सभा बोलावली. त्यातून २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. तिची कचेरीही इथलीच. बाबासाहेब तेव्हा पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत राहत. ज्याला गावात चावडीची पायरी चढू देत नव्हते, तो माणूस अर्ज घेऊन ह्या कचेरीत यायचा. नाट्यगृहाच्या इतिहासात हा प्रवेश कुठं आहे?

आणि १६ जून १९३६. याच दामोदर हॉलात देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, पोतराज यांची सभा. कामाठीपुऱ्यातल्या बाया त्यात होत्या. बाबासाहेबांनी सुनावलं, हे जिणं सोडा, सन्मानानं जगा. शब्द कडक होते. पण ज्या बायांना लोक नाचवायला बोलवत, त्यांना त्यांनी ऐकायला बोलावलं. माणूस म्हणून समोर बसवलं.

पठ्ठे बापूरावांची गोष्ट चळवळीत सगळ्यांना पाठ आहे. जातीनं ब्राह्मण, तमाशात पवळाबरोबर नाव कमावलेलं. महाडच्या वेळी ते तमाशाचे पैसे देऊ लागले तर बाबासाहेबांनी नाकारले. महाराच्या पोरी नाचवून मिळालेला पैसा नको, म्हणून. आपली काही पोरं ही गोष्ट सांगून तमासगीर बाईलाच नाकं मुरडतात. अरे, बाबासाहेबांनी पैसा नाकारला, पवळा नाय नाकारली! धंदा आणि बाई यातला फरक कळत नसेल तर निळा झेंडा खांद्यावर कशाला घेता?

दुसरे म्हणतात, नाटकाचं थिएटर गेलं, आपलं काय गेलं? आपलं काय गेलं ते वर लिहिलंय. भीमराव कर्डकांच्या जलशांना हॉल लागला नाय. चाळीच्या पटांगणात, गॅसबत्तीच्या उजेडात त्यांनी गणातला गणपती उठवून भीमाला बसवलं. हे आपलं बळ. पण पटांगण आपलं म्हणून हॉल त्यांच्या नावावर लिहून द्यायचा असं कुणी सांगितलं?

म्हणून मागणी साधी. नव्या वास्तूत दारातच दगड बसवा. त्यावर दोन तारखा कोरा, ९ मार्च १९२४ आणि १६ जून १९३६. आणि भीमगीतं गाणाऱ्या पोरापोरींना परवडेल अशा भाड्यात वर्षातल्या काही तारखा राखून ठेवा. कुणी ऐकत नसेल तर आपण दर ९ मार्चला तिथं फुटपाथवर जलसा लावू. ढोलकीला परवानगी लागेल. इतिहासाला लागत नाय.

जयभीम.