अंदाज नव्हे, पडताळा!

विद्यार्थी मित्रहो, विज्ञानाचा तास म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे परीक्षानळी आणि बन्सनचा दिवा येतो. आज मी तुम्हाला एका निराळ्या प्रयोगशाळेत नेणार आहे. तिची जमीन तेलकट आहे आणि भिंतीवर पान्हे टांगलेले आहेत.

भाईंदर पूर्वेला नवघर भागात स्टीलची भांडी बनवणारे लहान कारखाने आहेत. तेथला माल वाहणारे एक पिकअपवाले काका माझ्या ओळखीचे आहेत. पावसाळा संपता संपता त्यांची गाडी वळणावर खरखर करू लागली. एका गॅरेजमध्ये आवाज ऐकताच निदान झाले, "पुढचे बेअरिंग गेले!" पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंगे बदलली, पैसे गेले, दोन दिवसांचे भाडे बुडाले. खरखर मात्र तशीच राहिली.

मग काका एका वयस्क फिटरकडे गेले. त्यांनी पान्हा हातात घेतला नाही. त्यांनी आधी प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न : गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंग पूर्ण फिरवले तर आवाज येतो का? येत नव्हता. म्हणजे पॉवर स्टिअरिंगच्या पंपावरचा संशय मिटला. दुसरा प्रश्न : मोकळ्या रस्त्यावर क्षणभर क्लच दाबला तर आवाज थांबतो का? नाही, तो गाडीच्या वेगाबरोबर मंदावत जातो. म्हणजे दोष इंजिनात नाही, चाकांबरोबर फिरणाऱ्या एखाद्या भागात आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : आवाज कोणत्या वळणावर येतो? डावीकडे वळताना वाढतो, उजवीकडे वळताना जवळजवळ नाहीसा होतो! येथे तुमच्या पुस्तकातले जडत्व कामाला येते. रिक्षा डावीकडे वळली की तुम्ही उजवीकडे झुकता, हा अनुभव तुम्हाला आहेच. गाडीचेही तसेच होते. तिला वळवणारे घर्षणबल टायरपाशी, जमिनीलगत लागते. तिचा गुरुत्वमध्य मात्र वर असतो. त्यामुळे गाडी बाहेरच्या अंगाला कलते आणि त्या बाजूच्या चाकांवरचा भार वाढतो. डाव्या वळणावर हा भार उजव्या चाकांवर पडतो. म्हणून संशय उजव्या बाजूवर.

पण डिफरन्शिअलचे काय? वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांत १.४ मीटर अंतर धरा. काटकोनात वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे २.२ मीटर जास्त चालते, मग वळण लहान असो की मोठे. दोन वर्तुळांचे पाव परीघ काढून एकातून दुसरा वजा करा. त्रिज्या उडून जाते की नाही, पहा! हा फरक सांभाळणारी डिफरन्शिअलमधली लहान चक्रे वळणावरच एकमेकांवर फिरतात. तीच झिजली असती तर खरखर साधारणपणे दोन्ही वळणांवर आली असती. तरीही फिटरनी खात्रीसाठी तेथले तेल काढून पाहिले. त्यात धातूचा कीस नव्हता.

आता उरले पडताळणे. चाकांना दगड लावून, गाडी जॅकवर उचलून तिच्याखाली भक्कम घोड्या दिल्या. मग एक एक चाक हाताने फिरवत, दुसरा हात स्प्रिंगच्या पट्ट्यांवर ठेवून फिटरनी कंप तपासला. पुढची दोन्ही चाके शांत. मागचे डावे शांत. मागच्या उजव्या चाकाशी मात्र वाळू भरडल्यासारखा कंप हाताला लागला. उघडले तेव्हा ऑइल सील फाटलेले, आत पाणी शिरलेले, ग्रीस पांढुरके झालेले आणि बेअरिंगच्या कड्यावर गंजाचे खड्डे! फिटरनी बेअरिंग बदलले आणि सीलही बदलले. नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तेच झाले असते. शेवटी त्याच डाव्या वळणावर गाडी चालवून पाहिली. खरखर थांबली होती.

आता माझे मत सांगतो. पहिल्या कारागिराचा अंदाज वेडगळ नव्हता. वळणावरच्या खरखरीत बेअरिंगवर संशय घेणे योग्यच. दोष निघाला तोही बेअरिंगचाच. अनुभवी माणसाचा अंदाज पुष्कळदा बरोबर येतो आणि गिऱ्हाईक घाई करत असते, हेही खरे. पण अंदाज हे उत्तर नव्हे, तो प्रश्न आहे. त्याला कसोटी लावली नाही तर चुकीची किंमत दुसराच कोणी भरतो. येथे ती काकांनी भरली, आणि सुदैवाने पैशांतच भरली. दुर्लक्षिलेले बेअरिंग धावत्या गाडीत जाम झाले असते तर भरल्या रस्त्यावर काय घडले असते, याचा विचार करा.

आपल्या शाळांत "निरीक्षण, तर्क, प्रयोग, निष्कर्ष" हे शब्द पाठ करून घेतात. त्या फिटरनी ते बहुधा कधीच पाठ केले नसतील. ते त्यांच्या हातांत होते. अशा माणसाला आपण "शिकलेला नाही" म्हणतो, याची मला लाज वाटते. शिक्षकांना माझी विनंती आहे : वर्षातून एकदा तरी वर्ग जवळच्या गॅरेजमध्ये न्या, किंवा एखाद्या फिटरना वर्गात बोलवा आणि त्यांना पाहुण्याचा मान द्या.

आणि मित्रहो, उचललेल्या गाडीखाली तुम्ही मात्र जाऊ नका. तुमच्यासाठी घरी पुष्कळ काम आहे. पंखा कुरकुरतो? सायकल कटकट करते? लगेच काही बदलू नका. आवाज केव्हा येतो आणि केव्हा येत नाही, हे आधी वहीत लिहा. अर्धी दुरुस्ती तेथेच झालेली असेल.