दिवसाला 57 लिटर!

मित्रांनो, शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे माझं मराठी अधूनमधून गळतं, सांभाळून घ्या. आज विषयही गळतीचाच आहे!

आम्ही एपीएमसी मार्केटच्या मागे राहतो. बाबा मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब लिहितात. महिनाभर आमच्या टॉयलेटमधून रात्री बारीक ‘सूंऽऽ’ असा आवाज यायचा. बाबा म्हणाले, “इंजिनीअर होतेयस ना? मग बघ की!” झाली का पंचाईत! बर्नोलीचं समीकरण तोंडपाठ, पण फ्लशच्या टाकीचं झाकण कधी उचललेलं नाही.

शेवटी उचललं. संशयित दोनच. बॉलकॉक नीट बंद होत नसेल तर पाणी चढून ओव्हरफ्लोच्या नळीतून जातं. पण पाणी नळीच्या तोंडाखालीच होतं. म्हणजे चोर तळाचा वॉशर! खात्रीसाठी टाकीत जिलेबीचा रंग टाकला आणि कुणाला फ्लश करू दिलं नाही. वीस मिनिटांत भांड्यात केशरी ओघळ. (आई किंचाळली.)

मग टाकीत येणारं पाणी बंद करून पट्टीने मोजलं. तासात पातळी 4 सेंटिमीटर खाली. टाकी आतून 40 बाय 15, म्हणजे तासाला 2.4 लिटर, दिवसाला 57 च्या वर. पातळी उतरली की दाबही उतरतो, त्यामुळे खरा आकडा जास्तच असणार. आपल्या पुस्तकात माणशी दिवसाला 135 लिटर धरतात!

नवी मुंबई महापालिकेचं मोरबे हे स्वतःच्या मालकीचं धरण आहे, त्यामुळे आपल्याला याचं काही वाटत नाही. बाबांच्या गाळ्यावरचे माथाडी काका माण तालुक्यातले, उन्हाळ्यात त्यांच्या गावी टँकर येतो. त्यांना आकडा सांगितला, तर म्हणाले, “पोरी, एवढ्यात आमच्या म्हशीचं भागतं.” मी गप्पच झाले.

वॉशर कडक झाला होता, बसायच्या जागेवर क्षाराचा थर. जुन्या टूथब्रशने घासला, मापाला जुना वॉशर नेऊन नवा आणला. पहिल्यांदा उलटा बसवला, ते जाऊ दे!

माझं म्हणणं एवढंच, की फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आठवडेच्या आठवडे फाईल घासून केलेला लोखंडी जॉब आज माळ्यावर पडलाय. त्यातलं एक प्रॅक्टिकल कमी करून एक गळकी टाकी आमच्यापुढे ठेवा ना, सर!

सध्या शेजारच्या काकूंनी त्यांची टाकी बघायला बोलावलंय. जिलेबीचा रंग अर्धा शिल्लक आहे.