प्रोटॉन किरणोपचार कोणासाठी?

प्रोटॉन किरणोपचाराची सोय चेन्नईत २०१९ मध्ये आणि नवी मुंबईत खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या 'अ‍ॅक्ट्रेक'मध्ये २०२३ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून कर्करुग्णांचे नातेवाईक त्याची चौकशी करू लागले आहेत. साधे किरण जुने, प्रोटॉन नवे, म्हणजे गुण जास्त, असा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब चुकीचा आहे.

नेहमीच्या उपचारातील क्ष-किरण गाठीतून आरपार जातात आणि पलीकडच्या निरोगी अवयवांनाही थोडी झळ पोहोचवतात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर बहुतेक ऊर्जा सोडतो आणि तिथेच थांबतो. गाठीवर त्याचा मारा साधारण तेवढाच असतो. वाचतो तो आजूबाजूचा भाग. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्येच ही कल्पना मांडली होती.

हा फायदा सर्वांत मोठा लहान मुलांत. मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात मेंदूबरोबर संपूर्ण पाठीच्या कण्यालाही किरण द्यावे लागतात. क्ष-किरण पाठीतून पुढे हृदय, फुप्फुसे, आतड्यांपर्यंत जातात. सात वर्षांच्या मुलापुढे अख्खे आयुष्य असते. वाढ खुंटणे, हृदयविकार किंवा पुढे दुसराच कर्करोग होणे हे धोके टाळण्यासाठी प्रोटॉन मोलाचे. कवटीच्या तळाशी, दृष्टीच्या नसांना खेटून असलेल्या गाठींतही तसेच.

प्रोस्टेटची गोष्ट वेगळी. अमेरिकेत ४५० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाले. आधुनिक क्ष-किरण आणि प्रोटॉन यांत ना रोगनियंत्रणात फरक दिसला, ना आतड्यांच्या त्रासात. शिवाय प्रोटॉनची अचूकता दुधारी असते. श्वासाबरोबर गाठ हलली किंवा रुग्ण वाळला, तर किरण थांबण्याची जागाही सरकते.

आपल्याकडचा मोठा प्रश्न तोंडाच्या कर्करोगाचा. शस्त्रक्रियेनंतर किरण लागणार असतील, तर ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत. प्रोटॉनसाठी जमीन विकायची, कर्ज काढायचे, मुंबईत खोली शोधायची, यात हेच आठवडे जातात. जवळच्या केंद्रातल्या साध्या यंत्रावर, जनआरोग्य योजनेतून, हा उपचार वेळेत होऊ शकतो. प्रोटॉनने रुग्णाचा नेमका कोणता अवयव वाचणार, हे डॉक्टरांना विचारावे. नाव सांगता येत नसेल, तर गावाजवळच्या केंद्रातली तारीख सोडू नये.