भिंतीचे अस्तर

कोटाच्या कापडाची चौकशी सगळेच करतात. अस्तराची काळजी शिंप्याला. भिंतींचेही तसेच आहे. दिवाळी जवळ आली की घरोघर रंगांची पुस्तके उलटीपालटी होतात, छटांवरून मतभेद होतात. पण रंगाखाली बसणारा प्रायमर मात्र रंगाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला असतो.

आमच्या मधल्या खोलीला जुना गर्द हिरवा ऑइलपेंट, आणि सौभाग्यवतींना हवा हळदीसारखा पिवळा. "प्रायमर कशाला, साहेब? रंगाचाच एक हात जास्त मारतो," रंगारी म्हणाला. "त्याने हिरवा झाकेल?" सौभाग्यवतींनी विचारले. रंगारी गप्प झाला.

पूर्वीच्या पुष्कळ पिवळ्या रंगांत शिशाचे क्रोमेट असे. ते उत्तम झाकी, पण शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते. म्हणून २०१६ साली केंद्र सरकारने नियम केला : घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे. शिशावाचूनचा चकचकीत पिवळा बहुधा अंगाने विरळ असतो. त्याचे उणे अस्तराने भरून काढायचे.

म्हणून आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात, हिरवा दबावा यासाठी. दुसऱ्या हाताच्या प्रायमरमध्ये थोडे पिवळे स्टेनर घालावे. छटा शेवटच्या रंगाहून फिकीच ठेवावी, म्हणजे रंग कुठे चुकला ते दिसते. स्टेनर फार ओतू नये. थर कच्चा राहतो. आणि लागेल तेवढा प्रायमर एकाच बादलीत कालवावा. तीच छटा पुन्हा साधत नाही. भडक तांबडा लावायचा असेल, तर खाली पिवळट नव्हे, करडे अस्तर चांगले.

प्रायमर सर्व रोगांवरचे औषध मात्र नव्हे. भिंतीला ओल असेल तर आधी गळती शोधा. सुटणारा चुना खरवडून काढा. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर तेलाचा प्रायमर घाईने लावू नका. त्यातला क्षार तेलाचा साबण करतो आणि पोपडे निघतात. ऑइलपेंटची चकाकी मोडल्याशिवाय तर साधा प्रायमर नीट धरत नाही.

ही चकाकी मोडतानाच खरी सावधगिरी हवी. जुन्या थरात शिसे असू शकते. कोरडा घासला तर त्याची धूळ घरभर होते. तेव्हा भिंत भिजवून वॉटर पेपरने घासावी, मुलांना त्या खोलीत फिरकू देऊ नये, आणि जमीन ओल्या फडक्याने दोनदा पुसावी. रंगाऱ्यालाही नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क द्यावा; तोही कुणाचा बाप असतो.

या साऱ्याला आमचे दोन दिवस अधिक गेले आणि प्रायमरचा एक डबा वाढला. भाऊबीजेला धाकटी बहीण येईल. तिची लेक नुकती रांगू लागली आहे. दिसेल त्या भिंतीला धरून उभी राहते आणि तोच हात तोंडात घालते. पिवळा रंग तिला आवडेल की नाही, सांगता येत नाही. भिंत मात्र तिने खुशाल धरावी.