सायलेन्सर की भोंगा?

तंजावरला बदली झाल्यापासून रविवारी बुलेट काढतो. परवा एका तरुण अधिकाऱ्याने नवा सायलेन्सर दाखवला. "सर, आवाज ऐका!" ऐकला. मोठ्या देवळामागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनीही ऐकला असणार.

मोठा आवाज जीव वाचवतो म्हणे. साफ खोटं! पाइपाचं तोंड मागे असतं. काचा लावून पुढे चाललेल्या ट्रकवाल्याला आपण ऐकू येतो, ते त्याच्या शेजारी पोचल्यावर.

ही चूक मीही केली आहे. असाच पाइप लावून रामेश्वरम गाठलं. ऐंशीच्या वेगावर एकसुरी घुमणं डोक्यात शिरलं. उतरल्यावर चहावाल्याचं बोलणं ऐकू येईना. तोफखान्यातल्या निवृत्त मंडळींना विचारा, गेलेला कान परत येत नाही.

बदलायचाच असेल तर आधी तासभर हायवेवर चालवून पाहा. नेहमीच्या वेगावर घुमत असेल तर घेऊ नका. बॅफल काढू नका. आतलं ग्लास वूल झिजलं की बदला. कान नसेल तर कायदा ऐका: मोटार वाहन कायदा, कलम 190(2). पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

मी कंपनीचा मूळ सायलेन्सर परत बसवला आहे. या एखाद्या रविवारी, गप्पा मारत जाऊ.