हजेरी लागली का?

तुमच्या मोबाइलमध्ये किती नंबर सेव्ह आहेत? पाचशे? हजार? आता खरं सांगा, उद्या तुमचा आवाज आला नाही, तर त्यातले किती जण ‘हा गेला कुठे?’ म्हणून चौकशी करतील?

गप्प झालात ना? म्हणून आज जरा हटके मंडळींबद्दल. त्यांना म्हणतात ‘हॅम’. म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा द्यायची, लायसन्स काढायचं, ‘व्हीयू’नं सुरू होणारा स्वतःचा कॉल साइन मिळवायचा आणि घरच्या सेटवरून जगाशी गप्पा मारायच्या. धंद्याची बोलणी मात्र बंद!

या क्लबांचा जीव असतो ‘नेट’मध्ये. आपलं इंटरनेट नव्हे बरं का! ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर सगळे जमतात. एक जण ‘नेट कंट्रोल’ होतो आणि शाळेतल्या बाईंसारखी हजेरी घेतो. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एक बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात, कारण दोघं एकदम बोलले तर कुणाचंच कळत नाही. आणि रोजचा आवाज दोन दिवस आला नाही, की ‘आज आप्पा कुठे?’ अशी विचारणा होतेच.

टाइमपास वाटतो? मग डिसेंबर २००४ आठवा. भारती प्रसाद हॅम मंडळींची टीम घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून हॅम केंद्र चालवायला परवानगी मिळणं फार दुर्मीळ, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्याशी एकदा तरी बोलायला मिळावं म्हणून कान लावून बसलेले. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि कालपर्यंत हौसेनं चालणाऱ्या त्याच सेटवरून बेटांवरच्या माणसांची खुशाली देशभर पोहोचू लागली. त्याआधी १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपातही हॅम मंडळी सेट घेऊन धावली होती. संकटाच्या दिवशी उपयोगी पडली ती आदल्या दिवसापर्यंतची सवय!

आपल्याकडे हे खूळ नवं नाही. आमच्या खान्देशातून सातपुडा आणि नर्मदा ओलांडली, की महू. तिथल्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये १९४८ साली अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया सुरू झाला. आजची अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ती हीच.

आता माझा स्वार्थ सांगतो. माझं गाव भडगाव, जिल्हा जळगाव. गिरणेच्या काठचं. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, की नदीकाठाला सावधानतेचा इशारा येतो. लाइट गेली, टॉवरची बॅटरी उतरली, की गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकदम चिडीचूप. आणि मी इथे पुण्यात घरचा नंबर फिरवतोय... ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’!

खरं तर लागतं किती? एक सेट, बारा व्होल्टची बॅटरी आणि चाळीस मीटर बँडसाठी साधारण वीस मीटर तार, बांधावरच्या दोन कडुनिंबांमध्ये ताणलेली. या लहरी आकाशातल्या आयनोस्फिअरवर आपटून खाली येतात. भडगाव ते पुणे सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटर, म्हणजे दिवसा सहज गप्पा. मध्ये कुठल्याही कंपनीचा टॉवर नाही.

पण कपाटात ठेवलेला सेट पुराच्या रात्री काढून कुणाला चालवता येत नाही. त्यासाठी गावात रोज हजेरी लावणारी दहा-बारा माणसं हवीत. शाळेतले विज्ञानाचे सर, मोटारी रिवाइंड करणारा मिस्त्री, मेडिकलवाला, कॉलेजची पोरं-पोरी. बारा वर्षांपुढच्या कुणालाही परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला तर मोर्सचं ‘डा डिट’ही लागत नाही.

चुलतभावाला हे फोनवर सांगितलं, तर म्हणतो, “भो, आठे रेंज नही, अन् तू काय रेडिओ लावस!” म्हटलं, रेंज नाही म्हणूनच ना, बाबा!

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आमच्या खान्देशी दोस्तांनो, आधी इकडे स्वतः परीक्षा द्या, मग दिवाळीला घरी जाताना मिठाईबरोबर वीस मीटर तार न्या. दोन टोकांना दोन माणसं झाली, की नेट सुरू.

हॅम मंडळी निरोप घेताना ‘७३’ म्हणतात, म्हणजे शुभेच्छा. तर मग, ७३!